गोलासमोरची मोकळी जागा

शशिधर बोंद्रे मैदानावर सगळ्यात मागे उभा असतो. फुल-बॅक. गोलचे खांब पाठीशी, समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक खेळाडू शेजारी आणि चेंडू बहुतेक वेळ दूर, दुसऱ्याच कुणाकडे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हीच जागा बरी, असं तो इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात सांगतो. या जागेवर वाट बघणं हे काम असतं. ते त्याला येतं.

हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल तो मेलबर्नला शिकला. मुलगी अन्वी शाळेच्या संघात होती, आणि गोलमागे उभं राहून झेंडे दाखवायचं काम पालकांपैकी याच्या गळ्यात पडलं. त्याआधी सांगलीत तो कबड्डी खेळायचा, डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेल्याला आत येऊ द्यायचं, आणखी आत, आणि मग पकड. मेलबर्नच्या मैदानावर त्याला पहिल्यांदा कळलं की इथे हातात चेंडू नसलेल्या माणसाला धरता येत नाही. धरलं की शिट्टी, आणि त्या माणसाला फुकटची किक. डोक्याला हे लगेच पटलं. हाताला पटायला फार वेळ लागला.

अन्वी चौदा वर्षांची असताना त्याने इंग्लंडची नोकरी धरली. दोन वर्षांसाठी. त्याची बायको अक्षया म्हणाली, आम्ही इथेच थांबतो, तू जाऊन ये. जाणं झालं, येणं लांबत गेलं. मग कोविड आला, मग कागदोपत्री घटस्फोट झाला. भांडण असं झालंच नाही. फोन आखूड होत गेले, एवढंच.

यंदा फेब्रुवारीत अन्वी स्वतःच इंग्लंडला आली, मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर म्हणून. ब्रॅकनेलला मात्र आली नाही. तो मेसेज करायचा, मी येऊ का? ती कळवायची, शिफ्ट्स आहेत. आणि मग जुलैत त्याच्या क्लबचा मेडनहेडला मँचेस्टरशी सामना ठरला. त्यांची फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायला सगळ्यात पुढे असणारी, होती अन्वी बोंद्रे. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम फुल-बॅकचं. शशिधरने आदल्या दिवशी मटकी भिजत घातली, छोट्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली. सामना संपल्यावर तिने एक रात्र घरी यावं, एवढंच त्याला हवं होतं.

इथे या खेळाला लागणारी अठरा-अठरा माणसं जमत नाहीत, म्हणून बारा-बारा, बायका-पुरुष एकत्र. उन्हाने गवत पिवळं पडलं होतं. अन्वी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, हातभर अंतरावर.

"केस पांढरे झाले, बाबा."

"तू उंच झालीस."

"नाही झाली. तू वाकला."

चेंडू पलीकडच्या टोकाला होता. अशा वेळी या दोघांना उभं राहण्यापलीकडे काही काम नसतं.

"आई कशी आहे?"

"मस्त. कुत्रा आणला तिने."

"तिला कुत्रे आवडत नाहीत."

"आता आवडतात," अन्वी म्हणाली आणि पळत सुटली.

ती गोलपासून लांब, पार कडेच्या झाडांपर्यंत पळाली. शशिधर तिच्या मागे. तेवढ्यात गोलासमोर जी जागा मोकळी झाली तिच्यात मँचेस्टरचा दुसरा एक पोरगा मागून घुसला, उंच आलेला चेंडू त्याने एकट्याने झेलला, आणि मधल्या दोन खांबांतून मारला. एक गोल, सहा गुण. जुनी युक्ती आहे. फुल-फॉरवर्डने फुल-बॅकला ओढून न्यायचं आणि घर दुसऱ्याने लुटायचं. तिच्यावरचा उपायही तितकाच जुना: फॉरवर्डला जाऊ द्यायचं, आपण जागा धरून थांबायचं. शशिधरला दोन्ही पाठ होतं. तरी मध्यंतरापर्यंत तो तीनदा तिच्या मागे गेला.

"शशी, ती तुला फिरायला नेते आहे," ट्रिश म्हणाली. ट्रिश संघाची कोच, अ‍ॅडलेडची, फार बोलत नाही. "सोड तिला. तिथून तिची किक गोलपर्यंत पोचणार नाही."

चारपैकी तिसऱ्या डावात त्याने सोडलं. अन्वी झाडांकडे गेली, तो खांबांसमोर थांबला. दोन उंच चेंडू आले आणि दोन्ही त्याच्या छातीवर विसावले. संघातल्या पोरांनी त्याची पाठ थोपटली. अन्वीने एकदा वळून बघितलं, मग बघायचं सोडलं. पाणी घेऊन आलेल्या मुलीशी ती कशावर तरी हसत होती. एवढ्या लांबून ते हसणं ऐकू येत नव्हतं. जागा आपण राखली, असं त्याला वाटायला हवं होतं.

चौथ्या डावात गुण जवळजवळ बरोबरीत असताना ती पुन्हा पळाली. या वेळी तो गेला. मागून ट्रिशची हाक आली.

"आला?" अन्वी म्हणाली.

"आलो."

"तुझा कोच ओरडते."

"ओरडू दे. अन्वी, आज घरी येतेस? मटकी भिजवली आहे. उद्या सकाळी ट्रेनमध्ये बसवून देतो."

ती चेंडूकडे बघत राहिली. "इथे येतो माझ्यामागे. गोल जाणार हे माहिती असून. तेव्हा एक फ्लाइट नाही घेतली."

"रजा मिळत नव्हती."

"नऊ वर्षं? कसला ऑफिस आहे रे, बाबा?"

चेंडू मधल्या पट्ट्यातून उडाला, अन्वी गोलच्या दिशेने वळली, आणि शशिधरच्या हाताने तिचं मनगट पकडलं. सांगलीची पकड, अंगठा खाली, बोटं वर. शिट्टी वाजली.

"सोड, बाबा."

त्याने सोडलं नाही.

"शिट्टी झाली. सोड आता."

त्याने सोडलं. फुकटच्या किकवर तिने पुढे मोकळ्या उभ्या असलेल्या पोराकडे चेंडू दिला, त्याने गोल केला, आणि सामना तिथेच गेला.

मिनीबसपाशी ती बॅग खांद्याला लावून उभी होती. मनगटावर लाल वळ दिसत होता. तो तिनेही बघितला, त्यानेही.

"आज नको," ती म्हणाली. "घरी नको. अजून तरी."

"बरं."

"ऑगस्टमध्ये तुम्ही मँचेस्टरला येणार ना?"

"येणार. पण ट्रिश मला मागे ठेवणार नाही म्हणते. पुढे टाकलंय."

"तुला? फॉरवर्ड?" ती हसली, आणि या वेळी ते ऐकू आलं. "कधी गोल मारला तू?"

"कधीच नाही."

"मग मी त्या टोकाला, तू ह्या. भेटणारच नाही."

"हो."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती पायरीवर चढली, थांबली. "मी बॅकला खेळेन. सांगते कोचला," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि आत गेली.

मिनीबस वळून दिसेनाशी झाल्यावर तो परत मैदानावर आला. ट्रिश गोलचे खांब उतरवत होती.

"राहू दे थोडा वेळ," तो म्हणाला. "बॅकने मागे यावं म्हणून फॉरवर्ड कसा पळतो, दाखव."

"आज?"

"हे मला ऑगस्टपर्यंत यायला हवं. त्यांच्याकडून अन्वी बॅकला असेल."

ट्रिशने त्याच्याकडे बघितलं. मग ती बॅकच्या जागी उभी राहिली. तो पळाला. जड पळाला, झाडांच्या दिशेने.

"वळून बघू नकोस," ती मागून ओरडली. "बघितलंस की ती येत नाही."

त्याने वळून बघितलं.