‘तक्रार नाही’ असे कळवणाऱ्या गावात

नागपूर सोडले तेव्हा माझ्या ट्रंकेत कपडे थोडे आणि पत्रके जास्त होती. पत्रक मीच लिहिलेले होते. मथळा ‘विहिरी उघडल्या’. सरकारी खर्चाने बांधलेली प्रत्येक विहीर अस्पृश्यांसह सर्वांना खुली, असा नियम झाला होता. तो कुठवर अमलात आला, असे आमच्या बाजूच्या एका सभासदांनी कायदेकौन्सिलात विचारले आणि सरकारने छापील उत्तर कौन्सिलपुढे ठेवले. त्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावाचा दाखला होता. ‘गावात दवंडी देऊन नियम जाहीर केला. विहीर सर्वांस खुली आहे. तक्रार नाही.’

या तीन वाक्यांवर मी आठ पाने लिहिली. गाव पाहिले नव्हते. ते पाहावे, उघडलेल्या विहिरीचे डोळ्यांदेखतचे वर्णन तुम्हा वाचकांना द्यावे, म्हणून हा प्रवास केला. गावाचे नाव इथे दिलेले नाही. का नाही, ते शेवटी सांगतो.

मलकापूरला सकाळी उतरलो. ट्रंक स्टेशनातच ठेवली आणि पत्रकांचा एक गठ्ठा तेवढा बरोबर घेतला. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत बुलढाण्याची सर्व्हिस मोटार उभी होती. गावाकडे थेट जाण्याऐवजी आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन कागदांची माहिती काढावी असा माझा बेत होता. राजूरच्या घाटात मोटारीला धाप लागली. इंजिनाच्या टोपणातून वाफ यायला लागली तसा ड्रायव्हर पिंप घेऊन खाली उतरला आणि म्हणाला, “बैठो आरामसे. बाईले पानी पाजतो.” रस्त्याकाठच्या सरकारी विहिरीतून त्याने पिंप भरले. विहिरीवर चार माणसे होती, कोणी हटकले नाही. मी मनात खूष झालो. वाटले, वर्णनाला सुरुवात तर छान मिळाली.

बुलढाणा पठारावर आहे. रेल्वे नाही, त्यामुळे गोंगाट नाही. कचेऱ्या, कोर्ट, वकिलांच्या पाट्या आणि मोकळा वारा. एका कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडे उतरलो. मनुष्य चांगला. त्याच्या बायकोने तुरीचे वरण आणि भाकरी वाढली, आणि जेवताजेवता मी सहज विचारले, की कौन्सिलातला प्रश्न नागपुराहून निघतो तो पुढे कसा जातो.

“अमरावतीले जातो, मंग अठी येतो. आमी तहशिलीत धाडतो. तहशील गावात धाडते.”

“गावात कोणाकडे?”

“पाटलाकडं. आनखी कोनाकडं जाईन?”

माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो, “म्हणजे विहिरीवर येऊ देत नाही अशी तक्रार ज्याच्याविरुद्ध व्हायची, त्यालाच तुम्ही विचारता की तक्रार आहे का?”

“तुमी तं असं बोलून राह्यले जसं काई आमी चोरी केली,” तो म्हणाला. “गावातली खबर पाटलाले नसन तं कोनाले असन? घ्या, वरण घ्या.”

त्याच्या बोलण्यात लबाडी असती तर मला इतके लागले नसते. तो अगदी सरळ मनाने सांगत होता. पाटील एक ओळ लिहून देतो. तहशिलीत तिच्याखाली ‘बरोबर’ असा शेरा पडतो, वर चढताचढता भाषा सुधारते, आणि शेवटी ती गुळगुळीत कागदावर छापून लोकप्रतिनिधींच्या हाती पडते. वाटेत विहीर पाहायला एकही माणूस उतरलेला नसतो. आणि त्या ओळीवर आठ पाने लिहिणारा शहाणा मी.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून बैलगाडीने रोहिणखेडपर्यंत आलो. तिथल्या जुन्या मशिदीच्या दगडी सावलीत बसून गाडीवाल्याबरोबर चणे खाल्ले. पुढे दोन कोस पायी. कापूस वेचून झालेल्या शेतांत पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडे) उभ्या होत्या, बांधावर पळस पेटल्यासारखा फुललेला. अर्ध्या वाटेत उजव्या बुटाचा तळ सुटला. पत्रकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून तो बांधला आणि पत्रके काखेत घेऊन गावात शिरलो.

विहीर चावडीसमोरच होती. सुरेख विहीर. घडीव दगडाचा काठ, लोखंडी रहाट, वर सरकारी पाटी. चार बायका पाणी ओढत होत्या. चावडीवर पाटील आणि पटवारी बसले होते, आणि पायऱ्यांच्या खाली, उन्हात, एक पिकल्या मिशांचा माणूस काठी आडवी ठेवून बसला होता. तो गावचा कामदार महार (दवंडी देणारा, टपाल पोचवणारा गावनोकर). नाव गोमाजी.

पाटलाने तांब्या पुढे केला. “घ्या, सरकारी पानी. नागपूरले असं गोड नसन भेटत.”

मी छापील उत्तर काढून वाचले आणि विचारले, की हे खरे का.

“काऊन खोटं राहीन? दवंडी देल्ली. कोनं देल्ली? ह्यानंच. काय बे गोम्या, देल्ली ना?”

“देल्ली ना, मालक.”

“म्हनून दाखव सायबाले.”

गोमाजी उठला. डफडे नव्हते, तरी त्याने मान वर केली आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “ऐका हो ऐका, सरकारचा हुकूम हाय, आजपासून गावची सरकारी इहीर समद्यायले खुली हाय, कोनी कोनाले अडवू नये हो.”

विहिरीवरच्या बायकांनी वळूनही पाहिले नाही. गोमाजी परत पायऱ्यांखाली बसला. त्या ‘समद्यायले’ या शब्दात तो स्वतः होता आणि मी तिथे होतो तोवर त्याला कोणी घोटभर पाणी विचारले नाही.

“मग हे लोक भरतात का इथे?” मी विचारले.

“भरावं ना. आमी कुठी अडवतो?” पाटील हसला. “येतच नाईत. आता का मी त्यायच्या बाया हातानं धरून आनू?”

पटवारी म्हणाला, “तक्रार असन तं चावडीवर लिवून घेऊ. कागद हाय, शाई हाय.” आणि त्याने खरोखरच दौत माझ्याकडे सरकवली.

मी गोमाजीबरोबर महारवाड्यात गेलो. त्याची बायको भागाई दारातच होती. माझा सुतळीने बांधलेला बूट पाहून ती नवऱ्याला म्हणाली, “ह्या पाव्हण्याले बी दवंडीनंच बोलावलं का?” मग मला म्हणाली, “पानी देऊ का बापू? इहिरीचं नाई हो. झिऱ्याचं हाय.”

झिरा म्हणजे नाल्याच्या कोरड्या वाळूत उकरलेला खड्डा. तिने नंतर तो दाखवला. गुडघाभर खोल, तळाशी गढूळ वाटीभर पाणी, ते करवंटीने घागरीत भरायचे आणि पुन्हा झिरपेपर्यंत बसून राहायचे. एक घागर भरायला निम्मी सकाळ जाते. चैत्र सरता सरता तोही आटतो, मग पलीकडच्या गावच्या नाल्यापर्यंत चालावे लागते. भागाईचे गुडघे सुजलेले होते. या उन्हाळ्यात आपण तिथवर जाऊ शकणार नाही, हे ती भाकरी थापता थापता, पावसापाण्याचे बोलावे तसे बोलली.

कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची) आणि मिरचीचा ठेचा तिने वाढला. मी ते गढूळ पाणी प्यायलो आणि विचारले, “एकदाही गेला नाहीत विहिरीवर?”

“गेली ना,” भागाई म्हणाली. “ह्यानं दवंडी देल्ली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली. घागर भरली. कोनी मले मारलं नाई, शिवी नाई देल्ली. साऱ्यायनं आपापल्या घागरी वतून देल्ल्या आन घरी गेल्या.”

“मग?”

“मंग दुकानवाला म्हने मीठ सरलं. पोतं मले दिसून राह्यलं होतं. वेचणीले गेली तं म्हने मानसं पुरी झाली. तिसऱ्या दिवशी हेच म्हनले, राहू दे.”

गोमाजी खाली मान घालून खात होता.

कोणी अडवले नाही. कोणी मारले नाही. तक्रार कशाची लिहायची? मीठ सरल्याची? सरकारचे उत्तर अक्षरन् अक्षर खरे होते, आणि ती घागर रिकामी होती. मला तोपर्यंत वाटे की सरकार खोटे बोलते तेव्हा आपण ते पकडायचे असते. खऱ्या वाक्यांचे काय करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

भागाईने पत्रक उचलून काय लिहिले आहे ते वाचायला सांगितले. मी पहिले पान वाचले. त्यात अस्पृश्य भगिनी हसतमुखाने रहाट ओढतात असे होते. ती मन लावून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हे कोनत्या गावचं हाय?”

मी गठ्ठा तिच्या चुलीजवळ ठेवला आणि जाळायला घ्या म्हणालो.

रात्री त्यांच्याच अंगणात पडलो. सकाळी गोमाजी चावडीवर जाऊन तहशिलीचे टपाल घेऊन आला आणि निघाला. वाट एकच होती, म्हणून बरोबर चाललो. मी त्याला म्हणालो, “काल सांगितले ते मला अंगठा लावून द्या. सभासद गावाचे नाव घेऊन पुन्हा प्रश्न विचारतील.”

“मंग तो कागद कोनाकडं येईन?”

मी खिशातून वही काढत होतो.

“पाटलाकडं येईन,” तोच म्हणाला. “पाटील सांगन, पटवारी लिवन, आन मी नेईन. मांगल्या खेपीले बी मीच नेला.”

“काय? ‘तक्रार नाही’ हा कागद तुम्हीच नेलात?”

“हाव.”

“तुम्हाला वाचता येत नाही. माहीत नसेल तुम्हाला.”

तो थांबला आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. “पाटील मोठ्यानं सांगतो अन् पटवारी लिवते. मी पायरीखाली बसून राह्यतो. मले समदं ठावं राहते. तुमचा कागद बी हाय यात.” त्याने थैलीवर हात ठेवला आणि दवंडीच्याच सुरात, पण हळू, म्हणाला, “नागपूरचा एक इसम गावात आला. लोकायले भडकवलं. लोक भडकले नाईत. तक्रार नाई.”

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो आणि म्हणालो, “हा तरी नेऊ नका.”

“मी नाई नेला तं दुसरा नेईन. मी नेतो तं काय लिवलं ते तरी मले ठावं राहते.” थैली खांद्यावर सारून तो म्हणाला, “गावाचं नाव नका घेऊ, बापू. बाकी काय लिवायचं ते लिवा. तुमाले तं लिवता येते.”

फाट्यावर तो तहशिलीकडे वळला, मी स्टेशनाकडे. फाटका बूट ओढत चालताना आयुष्यात प्रथमच मला लिहिता येण्याची लाज वाटली.

गाडीत बसून मी नवा प्रश्न लिहिला. त्यात कोणत्याच गावाचे नाव नव्हते. ‘ज्या ज्या गावाहून तक्रार नाही असे कळवण्यात आले, तेथे ते कोणी सांगितले, कोणी लिहिले, आणि तो कागद तहशिलीपर्यंत कोणी वाहून नेला, त्याचे नाव काय व तो पाणी कोठे भरतो?’

नागपूरला सभासदांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, पहिले दोन भाग ठीक, शेवटचा काढू, सभागृह हसेल. मी म्हणालो, हसू द्या. बराच वेळ भांडलो. प्रश्न अखेर जसाच्या तसा गेला. कोणी हसले नाही. सरकारने उत्तर दिले की माहिती मागवण्यात येत आहे.

म्हणजे कागद निघाला आहे. अमरावती, बुलढाणा, तहशील अशा पायऱ्या उतरत तो या आठवड्यात त्या चावडीवर पोचेल. झिरा बहुधा आटला असेल, आणि भागाई सुजल्या गुडघ्यांनी कुठवर जाते ते मला माहीत नाही. माझ्या प्रश्नाने तिच्या घागरीत थेंब पडलेला नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो, पत्रकासारखी बनवाबनवी नको. पण पटवारी तो कागद मोठ्याने वाचील. शेवटच्या ओळीशी आला की त्याला थांबावे लागेल आणि पायरीखाली बसलेल्या माणसाला, त्या चावडीवर प्रथमच, विचारावे लागेल, की बाबा, तू पाणी कुठे भरतोस.