आर्णीजवळ खांदा दाखवायला गेले आणि लाथ मारून आले

"तू पायाळू आहेस हे कोणाला सांगू नको, दाराशी रांग लागेल," असं आई मला मी चौथीत असताना म्हणाली होती. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने पाठीवर लाथ मारली की भरलेली चमक उतरते, असं आमच्याकडे मानतात. लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं, बाकी कोणाला नाही. रांगही लागली नाही.

यंदा माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात वर जाईना. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले, ते मी मनापासून टाळले. शेवटी नवऱ्याने आर्णीपलीकडच्या एका खेड्यातल्या सुमनमावशींचं नाव काढलं. त्या दुखरं अंग चोळून देतात.

रविवारी सकाळी यवतमाळहून निघालो. आर्णीपर्यंत रस्ता चांगला आहे. तिथे बसस्टँडजवळ आलुबोंडा खाऊन घ्या, पुढे चहाही मिळत नाही. आतला रस्ता कपाशीतून जातो, ट्रॅक्टर आला की आपण थांबायचं. तिळाचं तेल आपलंच न्यायचं. मावशी पैसे घेत नाहीत, उरलेलं तेल ठेवून घेतात.

मावशी ओसरीवर आडव्या होत्या. सोयाबीनचं पोतं उचलताना कमरेत चमक भरली होती.

"मलेच बसता येऊन नाही राह्यलं, तुले चोळू कशी?"

"मावशी, ही पायाळू आहे," नवरा म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझी एवढी शिफारस कधी केली नव्हती.

मावशी लगेच पालथ्या झाल्या. "मंग उभी काहून हाय? मार."

"तुम्ही मोठ्या आहात, मावशी."

"लाथ मार आधी. पाया मंग पडजो."

मी पाय टेकवला.

"हे लाथ होय का वं? मांजर बरी."

मग मारली. मावशी "उतरली" म्हणाल्या आणि उठून बसल्या. माझ्या खवाट्याखाली त्यांचा अंगठा शिरला तेव्हा मला रडू आलं.

"रडून घे," त्या म्हणाल्या. "घरी कुठं वेळ भेटते."

हात कानापर्यंत गेला. निघालो, पण ओढणी राहिली म्हणून मी गाडीतून परत आले. मावशी भिंत धरून, एक पाय ओढत आत चालल्या होत्या. मला पाहून ताठ झाल्या. "काय राह्यलं वं?"

मी ओढणी घेतली.

घरी येऊन वेणी घातली. दुखलं, पण झाली. फिजिओथेरपिस्टला मावशींच्या पायाचं सांगितलं. ती म्हणाली, पाय ओढला जात असेल तर आधी तपासायला हवं, त्यांना घेऊन या. या प्रवासाचं माझ्याकडे काय उरलं म्हणाल, तर तळपायाला लागलेली ती पाठ. लुगड्यातूनही मणके कळत होते.

पुढच्या रविवारी मावशींनी मला पुन्हा चोळायला बोलावलंय. त्या काय म्हणतील ते मला माहीत आहे: उतरली ना वं, आता कायले? तरी मी दारातच म्हणणार आहे, "मावशी, माझा खांदा राहू द्या. गाडीत बसा, यवतमाळला तुमची पाठ दाखवून येऊ."