काचेमागचे देव

मंडळी, आज दुपारी मुलीला घेऊन इथं झाशीच्या संग्रहालयात गेलो होतो. प्राचीन रोमच्या वस्तूंचं प्रदर्शन आलंय.

एका काचेच्या कपाटात बोटाएवढ्या ब्राँझच्या मूर्ती होत्या. खाली पाटी होती: रोमन कुटुंबांचे घरातले देव, रोज पूजा व्हायची.

मुलीनं तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "भैया, अब इनकी पूजा कौन करता है?"

"कोई नहीं, बिटिया. कोई करता, तो ये यहाँ काहे आते?"

मला तिथं उभं राहवेना. आमच्या घरी पूर्वजांचे पाच चांदीचे टाक आहेत. आई रोज त्यांना आंघोळ घालताना एकेकाचं नाव घ्यायची. ती गेल्यावर मी रेल्वेच्या ड्युटीचं निमित्त काढलं आणि टाक लाल फडक्यात बांधून पेटीत टाकले.

घरी आल्या आल्या पेटी उघडली. टाक काळे पडले होते. चिंचेनं घासून पाटावर मांडले. मुलगी शेजारी येऊन बसली. "पापा, ये कौन हैं?"

दोघांची नावं सांगितली. उरलेल्या तिघांची मी आईला कधी विचारलीच नव्हती. आता सांगणारं कुणी नाही.

तुमच्या घरी कुणाला येतात का सगळी नावं?

त्या रोमन देवांखाली निदान पाटी तरी होती.