साडूंचा कायमचा उचलणारा

सन दोन हजार चोवीस. मला शहात्तरावं चालू होतं. त्या साली मी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही फुकट, आणि त्याला कारण आमचे साडू. कोल्हारपासून बेलापूरपर्यंत असा एक धडधाकट माणूस दाखवा, की ज्याला आमच्या साडूंनी जन्मात एकदा तरी ‘मला उचलनार का?’ असं विचारलेलं नाही. दाखवलात तर मी मिशी उतरवून देतो, आणि माझी मिशी मी बापाच्या तेराव्यानंतर कधी उतरवलेली नाही.

लहानपणी तापात साडूंचे दोन्ही पाय गेले. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीनं मात्र हट्टानं त्यांच्याशीच लग्न केलं. बेलापुरात त्यांचं पाणबुडी मोटारी भरायचं दुकान. विहिरीतली जळकी मोटार आली की साडू ती मांडीवर घेऊन बसायचे, काळी तार उपसून नवी तांब्याची गुंडाळायचे, आणि मोटार पुन्हा पाणी ओढायला लागायची. हाताला असलं कसब असलेला माणूस पायाबद्दल कधी रडला नाही. पण कुठंही गेला की आधी पाणी मागायचा नाही, आधी दारं बघायचा. किती दारं, किती पायऱ्या, गर्दी कुठं तुंबेल. मग बसलेल्या माणसांवरून नजर फिरवायचा आणि दोघांना बोट करून बोलवायचा. “तुमी आन तुमी. हितं काय झालं, आग लागली, छप्पर बसलं, तर मला उचलून भाईर न्यायचं. जमंल का?” एवढं ठरलं की मगच पाणी.

सोनईला एका लग्नात त्यांनी असेच दोघं नेमले. एक ताशेवाला, आणि दुसरा फेटा बांधलेला एक दांडगा गडी. तो निघाला नवरदेवाचा मामा. मामा अंतरपाटाशी नवरदेवाच्या पाठीमागं उभा, आणि साडू त्याला खुर्चीतून खुणावतायत, माझ्याकडंबी लक्ष असू द्या म्हणून. मंगलाष्टकं संपल्यावर मामा तणतणत आला. “अवो पाव्हनं, हे लगीन हाय का तालीम?” साडू शांतपणे म्हणाले, “लगीन तुमचं हाय. मी माझ्यापुरती तालीम करून घेतो. या, मनगट धरा.” आणि मामानं धरलं! ताशेवाल्यानं आणि मामानं एकमेकांची मनगटं धरून हातांचा चौकोन केला, साडू त्यावर बसले, दारापर्यंत गेले, परत आले, “झकास” म्हणाले आणि जेवायला बसले. पंगतीत आपण जसं ‘जरा मीठ वाढा’ म्हणतो, तसंच ते ‘जरा मला उचला’ म्हणायचे. लाजायचे नाहीत, त्यामुळं समोरच्यालाही नाही म्हणता यायचं नाही.

वजनाच्या बाबतीत तर ते फारच काटेकोर. दुकानात तांब्याची जुनी तार मोजायचा काटा होता. दर महिन्याच्या एक तारखेला साडू त्यावर चढून बसायचे आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहायचे. “उचलनाऱ्याला खोटं वजन सांगू न्हाई,” म्हणायचे, “त्येच्या कमरेचा सवाल असतो.” दिवाळीत दीड किलो वाढले तर भाऊबीजेला बहिणींबरोबर आलेल्या मेव्हण्यांना आधी ते सांगायचे, मग बहिणींकडून ओवाळून घ्यायचे.

आता एवढं सगळं करून आयुष्यात कधी काही झालं का? आग लागली नाही, छप्पर बसलं नाही. झालं ते एकदाच, चाळीस वर्षांमागं, आमच्या कोल्हारात. नदीकडच्या वडाखाली कुणा पुढाऱ्याचा सत्कार होता. साडूंनी नेहमीप्रमाणं दोघं नेमलेले. पुढारी बोलायला उभा राहिला आणि कुणा शहाण्यानं वडाखालीच फटाक्यांची माळ लावली. वर आग्या मोहोळ. ते उठलं. सगळ्यांत आधी पुढारी पळाला, त्याच्या मागं मंडळ, आणि त्यांच्या मागं नेमलेले दोघंही. मीही पळालोच होतो, खोटं कशाला सांगू. शाळेच्या दारात जाऊन वळून बघतो, तर एवढ्या मोकळ्या मैदानात साडू एकटे, सतरंजीवर, दोन्ही हात डोक्यावर धरून. ते ओरडत नव्हते. दारांकडं बघायची सवय, पण तिथं दारच नव्हतं. मी माघारी फिरलो, स्टेजवरच्या सत्काराच्या सगळ्या शाली त्यांच्यावर टाकल्या, गाठोडं पाठीवर घेतलं आणि शाळेत आणून टाकलं. साडूंना एक माशी चावली नाही. माझं तोंड आठ दिवस भोपळ्यासारखं. साडूंनी त्याच दिवशी जाहीर केलं, “आजपास्नं उजवी बाजू कायमची ह्यांची. डाव्या बाजूला कोनबी चालंल.”

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो. मला कुणी सरपंच केलं नाही, सोसायटीत घेतलं नाही, भजनी मंडळात टाळसुद्धा मागच्या रांगेतला. जन्मात मला मिळालेलं पद एवढं एकच. लग्न असो, दशक्रिया असो, साडू आले की मी उजवीकडं. लोक विचारायचे, हे कोण? साडू सांगायचे, “हे माझे उचलनारे.” माझी छाती दोन बोटं वर यायची.

पण गुडघे काय पद बघून चालतात का? बहात्तरीनंतर माझे दोन्ही गुडघे बोलायला लागले. जिना दिसला की कळ यायची. मी कुणाला सांगितलं नाही. जिन्याशी आलो की थांबायचो, “चपलेत खडा गेला” म्हणायचो, वाकून चप्पल झटकायचो, तेवढ्यात दम घ्यायचो. बायको म्हणायची, “अवं, साऱ्या तालुक्यातलं खडं तुमच्याच चपलेत कसं शिरत्यात?” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. त्याच सुमाराला साडूंनी लग्नांना जाणं कमी केलं. माडीवरच्या कार्यालयातलं आमंत्रण असलं की फोन यायचा, “पाव्हनं, पित्त झालंय, मी न्हाई यायचा.” बुंदीसाठी जीव टाकणारा माणूस! मला वाटलं, लेक पुण्यात मोठ्या पगारावर लागली, म्हणून ह्यांना आता आमची लग्नं नकोत. मी मनात राग धरला.

मग त्या साली त्यांच्या लेकीनं, मंगलनं, मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं काढायचं ठरवलं. आई गेल्यापासून बाप घराबाहेर पडत नाही म्हणून. साडूंचा मला फोन. “पाव्हनं, तुमाला यावं लागतंय. उचलनारा न्हाई तर मी बोटीत पाय ठिवनार न्हाई.” मी म्हणालो, “तुमी पाय ठिवताच कवा?” दोघंही हसलो. कामावर बोलावलंय म्हटल्यावर मला जाणं भाग होतं. बायकोही आली, मंगलची मावशी म्हणून.

बोटीवर चढताना गणवेशातली एक पोर कागद घेऊन आली. कोकणातली होती, मराठी बोलायची. साडूंच्या चाकाच्या खुर्चीपुढं ती गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “काका, दुपारी बोट सुटायच्या आधी ड्रिल असते. बोटीवर काही झालं तर कुठं जमायचं, त्याची रंगीत तालीम. त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. तुम्हाला जिन्यावरून न्यायला आमची माणसं येतील. तुम्हाला कसं उचललेलं सोयीचं पडतं?”

साडू तिच्याकडं बघतच राहिले. चाळीस-पन्नास वर्षं हा माणूस जगाला विचारत फिरला, आणि आज पहिल्यांदा जगानं येऊन त्याला विचारलं. “एकसष्ट किलो,” म्हणाले. “चपला सोडून. उजव्या काखेत हात घालू नका, तितं दुखतं.” पोरीनं सगळं लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळली. “आणि काका, तुम्हाला जिने उतरायला मदत लागेल का?”

“मला?” मी म्हणालो. “मी ह्यांचा उचलनारा हाय. ‘न्हाई’ लिव.” बायकोनं नाकातून आवाज काढला. साडूंनी एकदा माझ्या चपलांकडं बघितलं.

दुपारी भोंगा झाला. सात आखूड, एक लांब. आमची खोली आठव्या मजल्यावर, जमायची जागा चौथ्या. ती पोर आणि एक धिप्पाड गडी घडीची खुर्ची घेऊन आले. खुर्चीच्या मागं नगरच्या रणगाड्यांना असतात तसले पट्टे. त्यावरून ती जिन्यावर सावकाश घसरत उतरते. त्यांनी साडूंना बसवलं, पट्टा बांधला. मी पुढं झालो आणि खुर्चीची उजवी बाजू धरली. “सोडा काका, आम्ही नेतो,” पोर म्हणाली. “चाळीस वर्षं मी धरतोय,” मी म्हणालो. साडू तिला म्हणाले, “धरू दे गं त्येंना.”

जिना आला. अर्ध्या मजल्यावरच गुडघ्यातून अशी कळ उठली की डोळ्यांपुढं काजवे. मी सवयीनं म्हणालो, “थांबा, चपलेत खडा गेला,” आणि वाकलो. वाकलो तो तिथंच बसलो. गुडघा आखडला, उठता येईना. मागं नारिंगी जाकिटं घातलेली माणसं तुंबलेली. खाली सगळीकडं मऊ गालिचा. त्या अख्ख्या बोटीवर सुईच्या टोकाएवढा खडा मिळाला नसता, आणि मी आपली चप्पल झटकतोय. मंगलबरोबर मागून उतरणारी बायको हळूच म्हणाली, “आता तरी सांगा की वं.” आयुष्यातलं एक पद, ते एवढ्या लोकांदेखत जिन्यावर सांडलं.

“थांबवा,” साडूंचा आवाज आला. “माझा मानूस मागं ऱ्हायलाय. त्येला घेतल्याबिगर मी खाली जानार न्हाई. आजून एक खुर्ची आना.” पोरीनं कमरेच्या यंत्रात काहीतरी सांगितलं, मिनिटात दुसरी खुर्ची आली. साडूंनी मान वळवून विचारलं, “पाव्हनं, वजन सांगा. खरं.” मी म्हणालो, “सत्तर.” साडू नुसते बघत राहिले. मी म्हणालो, “अठ्ठ्याहत्तर.”

मला बसवलं, पट्टा बांधला. मी लाकडासारखा ताठ, दोन्ही हातांनी कठडा धरलेला. पुढच्या खुर्चीतून साडू ओरडत होते, “हात आत घ्या! अंग ढिलं सोडा! जल्मभर दुसऱ्याला उचललं, उचलून घ्यायचं कुठं येतंय तुमाला? नाकानं श्वास घ्या, कठडा सोडा!” मागची माणसं हसायला लागली. एका बाईनं टाळ्या वाजवल्या. साडेतीन मजले आमची वरात अशी खाली आली, पुढं साडू, मागं मी.

संध्याकाळी बोट निघाली. मुंबई मागं सरकत होती. मी कठड्याशी बाकड्यावर एकटाच बसलो होतो, चहासुद्धा घेतला नव्हता. साडू खुर्ची ढकलत आले, माझ्या डाव्या हाताला थांबले. मी विचारलं, “कवापास्नं ठावं हुतं?”

“चार वर्सं झाली. आमच्या बेलापूरच्या कार्यालयात तुमी जिन्यावर खडा काढला. मी खुर्चीत खाली, माजं डोळं तुमच्या पायापाशी. खडा पडला न्हाई.”

“मग बोलला का न्हाई?”

“काय बोलू? माडीवरच्या लग्नांना जायाचं सोडलं.”

मला एकदम कळलं. पित्त नव्हतं. चार वर्षं बुंदी सोडली होती ह्या माणसानं, मला जिना चढावा लागू नये म्हणून. आणि मी राग धरून बसलो होतो. मी म्हणालो, “दुसरा नेमायचा हुता उजवीकडं.”

“ते कसं? कायमची म्हटलं हुतं.”

“आन गुडघं गेल्यालं ठावं असून हितं कशाला आनलं मला उचलायला?”

साडू म्हणाले, “समुद्र बघायला चला म्हटलं असतं, तर तुमी आला असता व्हय?”

ते खरंच होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तांब्याची तार गुंडाळून त्या तळहाताला घट्टे पडलेले होते, माझ्या हातापेक्षा तो कितीतरी खरबरीत. “उचलायचं आता बंद,” म्हणाले. “पर बसायचं उजवीकडंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला न उठवता लिफ्टनं खाली गेलो. तीच पोर काउंटरवर होती. म्हणालो, “काल मी खोटं सांगितलं. कागद काढ. दोन्ही गुडघं, जिन्याला मदत लागती. वजन अठ्ठ्याहत्तर.” ती म्हणाली, “काका, वजन नाही लागत.” म्हणालो, “लिव तू. उचलनाऱ्याला कळलं पायजे.” साडूंच्या नावाखाली तिनं माझं नाव लिहिलं, मी सही केली. तिथून मोकळ्या डेकवर जायच्या दाराला वीतभर उंच पोलादी उंबरा होता. माझा हात आपोआप चपलेकडं गेला. तो मी माघारी घेतला. शेजारी एक अनोळखी गृहस्थ चहा पीत उभे होते. त्यांना म्हणालो, “भाऊ, जरा हात देता का? अठ्ठ्याहत्तर किलो हाय.” त्यांनी कप खाली ठेवून हात दिला. पलीकडं साडू उन्हात बसले होते, उजवीकडची जागा मोकळी ठेवून. मी उंबरा ओलांडला आणि जाऊन तिथं बसलो.