कुत्र्याच्या चिठ्ठीवर

आमच्या गिरीजच्या वाडीतल्या कुत्र्याला फिट यायला लागल्या तेव्हा शेजारीपाजारी सगळ्यांनी आपापलं ज्ञान पाजळलं. कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं चप्पल. मी म्हटलं, चप्पल आहे हातात, आधी कुणाला हुंगवू? आणि त्याला रिक्षात घालून वसईला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भले होते. त्यांनी गोळी लिहून दिली. जुनी आहे, स्वस्त आहे, माणसांनाही हीच देतात, म्हणाले. फक्त एकदा सुरू केली की एकदम बंद करायची नाही. केली तर फिट दुप्पट जोराने येतात, जीवसुद्धा जातो. गोळीचं नाव वाचून मला हायसं वाटलं. माझे सासरे तरुणपणी नारळावरून पडले, तेव्हापासून त्यांना हीच गोळी चालू आहे. सरकारी दवाखान्यातून महिन्याची महिन्याला फुकट मिळते.

पहिल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली. "वय सात, वजन अठरा किलो. बाळ फारच अशक्त आहे हो."

"बाळाला शेपूट आहे," मी म्हटलं.

तो हसला आणि चिठ्ठी परत केली. ही गोळी लोक नशेला वापरतात, एकेका पाकिटाची नोंद ठेवावी लागते, जनावराच्या चिठ्ठीवर देता येत नाही. दुसरा म्हणाला, "मॅडम, कुत्ते का नाय चालत." सासऱ्यांचा कागद पुढे केला, तर त्यावर दवाखान्याचा शिक्का, ह्या महिन्याच्या गोळ्या दिल्या म्हणून. शेवटी आमच्या घरच्या डॉक्टरांना गळ घातली, माझ्या नावावर लिहा. "तुम्हाला फिट येतात का?" त्यांनी विचारलं. "आता येईल," मी म्हटलं. तरी लिहिली नाही. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! कुणाचंच चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. भांडायला माणूसच सापडेना.

दुसरं एक औषध होतं. त्याला कुणाची हरकत नव्हती, हवं तेवढं मिळत होतं, पण एका पट्टीत आमचा किराणा गेला. स्वस्त ते मिळेना आणि मिळे ते परवडेना. नवरा वालीवच्या कारखान्यात, तिथे तेव्हा ओव्हरटाइम बंद. ती पट्टी संपली आणि मी जीव मुठीत धरून बसले. कुत्रं जरा अडखळलं तरी हातातलं काम टाकून धावत सुटायची.

पण फिट आली नाही. आठवडे गेले, तरी नाही. कुत्रं आपलं केळीच्या आळ्यांतून हुंदडतंय. बरं झालं गं बाई, म्हणत मी मारुतीला नारळसुद्धा फोडला.

मग एके सकाळी विहिरीपाशी सासरे पडले. पंपाचं बटण दाबायला गेले होते. नवरा धावला तेव्हा हातपाय झाडत होते, तोंडाला फेस, कपाळ फुटलेलं. कितीतरी वर्षांनी त्यांना फिट आली होती. दवाखान्यात विचारलं, गोळी नियमित घेतात ना? मी ठासून सांगितलं, घेतात म्हणजे काय, रोज माझ्यासमोर डबी उघडतात!

घरी येऊन त्यांचं अंथरूण झटकत होते. उशाशी पानाची चंची. तिच्यातल्या अडकित्त्याच्या पात्याला पांढरी भुकटी लागलेली, आणि एक सुकेळं, उन्हात वाळवलेलं केळं, मधोमध चिरलेलं. आत अर्धी गोळी.

"बाबा, हे काय?"

त्यांना लाज ना खंत. "अगं, उन्हाळ्यात विहीर खाली गेली की काय करतो आपण? केळी तोडून भाजी जगवतो का? दोघांना अर्धं अर्धं पाणी सोडतो. दोन्ही तगतात."

"विहिरीत पडला असतात!"

"पडलो का?" कपाळाला पट्टी बांधलेला माणूस मलाच विचारतो! मला इतका राग आला, आणि रागातच रडू फुटलं.

दवाखान्यात जाऊन खरं काय ते सांगितलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडल्या. आजोबांना पूर्ण गोळी, आणि तुमच्या समोर. आणि कुत्रा? त्यांनी नुसते हात वर केले. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला तर तेही हळहळले. एकदम तोडू नका, म्हणाले, पण ही गोळी मी स्वतः ठेवत नाही. पुन्हा सगळी मेडिकलं पालथी घातली. उसनवारी करून महागातलं थोडं आणलं. ते रविवारपर्यंत पुरणार होतं. त्यापुढे काय, ते मला आजही विचारू नका.

संध्याकाळी मी सासऱ्यांपुढे पाणी घेऊन उभी राहिले. त्यांनी गोळी तोंडात टाकली.

"जीभ उचला, बाबा."

ऐंशीकडे झुकलेल्या माणसाने लहान पोरासारखा आ केला. जीभ उचलून दाखवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कुत्रं नेहमीच्या वेळेला येऊन त्यांच्या गुडघ्याशी बसलं होतं. त्यांनी त्याच्यापुढे हात उघडा केला. "नाही रे लेका आज," म्हणाले. त्याने तो रिकामा तळहात चाटला, आणि पुन्हा वर त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिलं.