वैनींचा मेन स्विच

इंदापुरात दादासो फोटोवाल्यानं शूटिंग न केलेलं लग्न कुणी सांगितलं, तर लोक आधी ते लग्न झालं होतं का, याची चौकशी करतात. पण त्याची खरी आठवण लोकांना व्हायची ती मयतीनंतर. दशक्रियेच्या फ्लेक्सला फोटो हवा असतो, आणि घरात असतो तो आधार कार्डावरचा, ज्यात माणूस जिवंतपणीच गेल्यासारखा दिसतो. मग मंडळी स्टुडिओत येत. "दादासो, पणदऱ्याच्या लग्नात आमचे तात्या पहिल्या पंगतीला होते बघ." दादासो जुनं शूटिंग उघडून तात्यांना जिलबीसकट शोधून काढायचा. जिलबी तेवढी पुसून द्यायचा.

त्याच्या बायकोचा, विजयमालावैनींचा, फोटो मात्र त्याला सापडला नाही. सगळा संसार वैनी त्याच्यामागं लाईट धरून उभ्या राहिल्या. ज्यांच्या उजेडात अर्धा तालुका गोरा दिसला, त्या स्वतः कुठल्याच चित्रात नव्हत्या. त्यांच्या फ्लेक्सवर आधार कार्डच लागलं.

होता तो आवाज. कॅमेऱ्याला खेटून उभ्या असायच्या, आणि गप्प राहणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. "अहो, नवरदेवाचं नाक चमकतंय, जरा बाजूनं घ्या." "वरमायला म्हणावं हसा, उसाला तोड मिळाली न्हाय असं काय तोंड करून बसलाय?" गिऱ्हाइकाला देताना दादासो यावर सनई चढवायचा. वैनी उरल्या होत्या त्या मूळ शूटिंगमध्ये.

त्या गेल्यावर दादासो दुपारी घरी जाईना. डबा दुकानातच आणायचा, रोज एक जुनं लग्न लावायचा आणि वैनींचं बोलणं ऐकत जेवायचा. एकदा ऐकलेलं पुन्हा लावायचा नाही. पुरवून पुरवून ऐकायचा.

हे सगळं शूटिंग कॉम्प्युटरला जोडलेल्या एका पेटीत, दोन डिस्कवर होतं. एकीवर जे, तेच दुसरीवर. एक गेली तर दुसरी कामाला यावी म्हणून. पेटी अधूनमधून आपली आपण दोन्ही डिस्क पडताळून बघायची, कुठं काही खराब होतंय का ते. ती पडताळणी सुरू झाली की बाकी सगळं काम रखडायचं. वैनी म्हणायच्या, "अहो, ना... ना... ना..." आणि नाक काही पुढं यायचं नाही.

दादासोनं बारामतीहून ज्ञानेशला बोलावलं. हा एमआयडीसीतल्या कंपन्यांचे कॉम्प्युटर बघतो.

"ही तपासणी बंदच करून टाक," दादासो म्हणाला. "जन्मात कधी बोलताना अडखळली न्हाय ती."

"बंद नको. डिस्क आजारी पडली तर कळायचं न्हाय. रात्री लावून देतो. रात्री तुमचं काय काम असतंय?"

दुसऱ्या दिवसापासून वैनी घडाघडा बोलायला लागल्या. दादासो चार घास जास्त जेवला.

एक गोष्ट ज्ञानेशनं विचारली नाही आणि दादासोला सांगायची सुचली नाही. शेजारचं कापडाचं दुकान शॉर्टसर्किटनं जळाल्यापासून वैनींचा नियम होता, कुलूप लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा. त्या गेल्यावर दादासोनं तो एक दिवसही मोडला नाही. कधी अर्ध्या रस्त्यातून मोटारसायकल वळवून खात्री करून यायचा. पेटी रात्रभर मेलेली. ज्ञानेशनं लावलेली तपासणी एकदाही झाली नाही.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर एक डिस्क बसली. तिच्या जागी नवी घातली. पण दुसरीवरचं तिच्यावर उतरवताना पेटी वाटेतच थांबली. ती दुसरीही आतून केव्हाची खराब होत आली होती. ज्ञानेशनं निघेल तेवढं काढलं. निघालं ते सगळं सनईवालं. मूळ शूटिंगातलं काहीच हाती लागलं नाही.

मेन स्विचचं ज्ञानेशला तेव्हा कळलं. नवी पेटी जोडता जोडता तो म्हणाला, "दादासो, तपासणी रात्रीचीच ठेवतो. फक्त मेन पाडू नका. निदान हितनं पुढचं तरी राहील."

"तेवढं न्हाय जमायचं. मेन पडणार. दुसरी वेळ बघ."

"दिवसा लावली तर काम रखडतंय."

"दुपारी लाव. जेवायच्या वक्ताला."

"तवा तर तुमी हितंच बसता की, डबा घेऊन."

दादासोनं डबा पुसून पिशवीत घातला.

"आता घरी जाईन जेवायला," तो म्हणाला.