पत्ता उलटा भरायचा

ह्यांची नजर अधू होत चालली होती, हे त्या वर्षी फक्त मला ठाऊक होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. हे सोलापुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवत. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि डोळ्यांचं कळलं असतं तर आहे तीही गेली असती.

कॉलेजात संगणक शिकवायचा एक छोटा संच नुकताच आला होता. उघडी हिरवी पाटी, तिच्यावर बटणं आणि वर लाल आकडे. रविवारी हे तो परवानगी घेऊन पिशवीतून घरी आणत. लाल उजेड त्यांना दिसे, आकडे दिसत नसत. मग मी वाचायची आणि हे बटणं दाबायचे.

यंत्राच्या स्मृतीत प्रत्येक जागेला चार आकडी पत्ता असतो आणि एका जागेत मात्र दोनच आकडे मावतात, हे मी तेव्हा शिकले. '२०१० ला परत जा' असं सांगायचं तर त्या पत्त्याचे दोन तुकडे करून शेजारशेजारच्या जागांत ठेवायचे, तेही उलटे. आधी १०, मग २०. असं का, म्हणून मी विचारलं, तर हे म्हणाले, त्याला खालचा तुकडा आधी लागतो, बनवणाऱ्यानं तसं ठरवलंय. शेजारच्या शेडमधले यंत्रमाग एकदम गप्प झाले की वीज गेल्याचं कळे. मग संचातलं सगळं पुसलं जाई आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून भरायला बसू. भरून भरून ह्यांना ते पाठ झालं.

एका सोमवारी पाहणीला माणसं येणार होती. त्यांच्यापुढे ह्यांनी प्रयोग करून दाखवायचा, आणि नोकरी कायम होणं त्यावरच होतं. आदल्या दिवशी सकाळी विभागप्रमुख न सांगता दारात उभे राहिले. म्हणाले, आपण एकदा बघून तरी घेऊ. मी पिठाचे हात न धुताच बाहेर आले.

ह्यांनी सगळं २०१० पासून न अडखळता भरलं. एक ते नऊ आकडे फिरू लागले. मी कौतुक केल्यासारखी प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होते. सर हसले.

"वहिनी, पगार तुम्हालाच द्यायला पाहिजे की."

हेही हसले.

मग सरांनी सहज सांगितलं, हेच आता हलवून २०४० पासून भरून दाखवा. हे पाठ केलेलं नव्हतं. ह्यांची बोटं चाचपडत पुढे सरकली. परत फिरायची जागा आली तेव्हा त्यांनी आधी २० दाबलं आणि मग ४०. भीतीनं त्यांनी पत्ता सरळच भरला होता. आकडे दिसत असते तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी बोलले तर सरांना संशय येणार होता. गप्प राहिले तर यंत्र ४०२० ला जाणार, आणि तिथं आमच्या संचात स्मृतीच नव्हती. ह्यांचं बोट सुरू करायचं बटण शोधत होतं.

"थांबा," मी म्हणाले. "चाळीस आधी ना?"

बोट तसंच थांबलं. सर माझ्याकडे वळलेच नाहीत. ह्यांच्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "आत्ता तिथं काय दिसतंय तुम्हाला?"

"लाल दिसतंय, सर."

"आकडा कुठला?"

ह्यांनी बोट बटणांवरून काढून घेतलं. मग म्हणाले, "आकडा नाही दिसत."

सरांनी चहा अर्धा ठेवला. उद्या दुसरं कुणीतरी दाखवेल, तुम्ही रजेचा अर्ज द्या, असं म्हणाले आणि संच पिशवीत घालून घेऊन गेले. आवाज चढवला नाही त्यांनी. उन्हाळ्याची सुट्टी संपली तेव्हा ह्यांना परत बोलावलं गेलं नाही.

त्या दुपारी हे "बरं झालं, एकदाचं कळलं," म्हणाले, जेवले आणि गाढ झोपले. मी मात्र जागीच होते. मला शाळेत नोकरी मिळाली, दिवस निभावले, पण घरात कुणी आलं की आधी ह्यांची खुर्ची दाराकडे वळवायची सवय काही सुटली नाही.

हे जाऊन फार दिवस झालेले नाहीत. अजून जिन्यात पाऊल वाजलं की मी आधी त्यांच्या खुर्चीकडे बघते. हे नीट दाराकडे तोंड करून बसलेत ना, येणाऱ्याला काही कळणार नाही ना.